दिवाळीची सुट्टी, उसाचा फड आणि पत्र्याच्या पेटीतली पुस्तकं

कानात इयरफोन असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजच्या भागात मध्येमध्ये आमची आजी बोलणार आहे. माईक समोर असताना ओरडावं लागत नाही, हे तिला अजून पटलेलं नाही. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. माझे 'अं' आणि 'म्हणजे काय ना' थोडे गाळलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

दिवाळीच्या आसपास तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज येतात. 'घरात लहानपणीची खूप पुस्तकं पडलीयेत, कुठे देऊ?' किंवा 'सुट्टीत घरच्यांसोबत काहीतरी चांगलं काम करायचंय, काय करता येईल?' या दोन्हींचं उत्तर आजच्या भागात आहे. पण आधी आम्ही केलेला गोंधळ सांगते. तो सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

दोन पोती पुस्तकं

आम्ही राहतो पुण्यात. आई, बाबा, मी आणि आता सातवीत असलेला माझा धाकटा भाऊ. दिवाळीला मात्र गावी, आजीकडे. गाव सांगली जिल्ह्यात, चारी बाजूंनी ऊस. तीन वर्षांपूर्वी आईच्या डोक्यात आलं की या वर्षी नुसतं फराळ, फटाके, झोप असं करायचं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तिने मेसेज टाकला, 'मुलांची जुनी पुस्तकं द्या, गावाकडच्या गरजू मुलांना वाटायची आहेत.' चार दिवसांत आमचा जिना भरला. निवडायला वेळ नव्हता. दोन पोती भरली, डिकीत टाकली, निघालो.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या पडीक रानात गेलो. तिथे ऊसतोडणीवाल्यांच्या पंधरा-वीस कोप्या पडल्या होत्या. मुलं धावत आली. आम्ही पोती सोडली, पुस्तकं वाटली, बाबांनी फोटो काढले. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

निघताना एक मुलगी समोर आली. नऊ-दहा वर्षांची असेल. कडेवर धाकटा भाऊ, हातात आम्ही दिलेलं जाडजूड, चकचकीत, मोटारगाड्यांचं इंग्रजी पुस्तक. तिने विचारलं, "ताई, ह्यात काय लिव्हलंय?"

मी म्हणाले, "ते इंग्लिशमध्ये आहे गं. मोठी झालीस की वाचशील."

तिने पुस्तक माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "मग मोठी झाल्यावर द्या."

रागाने नाही हं, अगदी साधेपणाने. गाडीत कोणी काहीच बोललं नाही. घरी आल्यावर उरलेलं अर्धं पोतं ओसरीवर ओतलं आणि पहिल्यांदाच त्यात काय आहे ते नीट पाहिलं. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, स्पर्धा परीक्षेचे प्रश्नसंच, पानं फाटलेली रंगवायची पुस्तकं (तीही रंगवून झालेली), इंग्रजी विश्वकोशाचे सुटे खंड. सत्तर-एक पुस्तकांत त्या मुलीला खरंच वाचता आली असती अशी किती? मोजली. नऊ.

आजी ओसरीवर बसून हे बघत होती. तिचं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आहेच, इथेही लिहिते: "आगं, पुस्तक म्हंजे काय पीठ हाय व्हय, कुणाच्याबी परातीत टाकलं की भाकरी व्हायला?"

दिवाळीत इथे कोण येतं?

ऊस तुम्ही रसवंतीवर बघितला असेल, पण फड सगळ्यांनी पाहिलेला नसतो, म्हणून थोडं समजून घेऊ. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोडणीसाठी बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून लाखो माणसं येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम त्यांना आधीच काही रक्कम देतो, तिला 'उचल' म्हणतात, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. मजुरी टनावर मिळते. एक दिवस खाडा झाला तरी तो अंगावर येतो.

आता यात मुलांचं काय होतं ते बघा. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. दिवाळीपर्यंत मूल गावच्या शाळेत थोडं रुळतं, आणि नेमकं तेव्हाच आईबाप निघतात. आजी-आजोबा धडधाकट असतील किंवा हंगामी वसतिगृहाची सोय असेल, तर मूल गावी राहू शकतं. नसेल तर तेही ट्रॅक्टरवर बसतं. पहाटे अंधारातच आईबाप फडावर जातात. मागे राहतात लहान मुलं, आणि त्यांना सांभाळायला त्यांच्याहून थोडी मोठी मुलं. बहुतेकदा मुलगीच.

म्हणजे आपल्याकडे ज्याला आपण 'सुट्टी लागली' म्हणतो, त्याच दिवसांत तिची शाळा सुटते. आपली तीन आठवड्यांनी पुन्हा भरते. तिची पाच-सहा महिन्यांनी भरली तर भरली. तोवर ऐकलेली, वाचलेली, गिरवलेली अक्षरं विरळ होत जातात. या मधल्या काळात हातात एखादं बरं पुस्तक असणं आणि ते वाचून दाखवणारं कोणी असणं, याला म्हणूनच किंमत आहे.

चूक नेमकी कुठे झाली

पुढच्या वर्षभरात आम्ही यावर घरात बरेच वाद घातले. बाबांचं म्हणणं होतं, 'काहीच न देण्यापेक्षा बरं ना?' आई म्हणायची, 'नाही, तेवढंही बरं नाही.' मला आईचं पटतं. न वाचता येणारं पुस्तक मुलाच्या हातात दिलं की त्याला एकच गोष्ट कळते, वाचन आपल्यासाठी नाही. पुस्तक चुकीचं असतं, पण मुलाला वाटतं आपणच कमी पडलो.

आमच्या तीन चुका झाल्या. पहिली, आमचा जिना रिकामा करायची आम्हाला घाई होती. दुसरी, मुलांची भाषा आणि वय आम्ही विचारलंच नाही. तिसरी, आम्ही पुस्तकं वाटली पण एकही वाचून दाखवलं नाही. आणि फोटोंचं म्हणाल तर बाबांनी ते नंतर काढून टाकले. परक्या मुलांचे चेहरे त्यांच्या आईबापांना न विचारता आपल्या फोनमध्ये कशाला हवेत? म्हणूनच त्या कोप्यांमधल्या कोणाचंही नाव मी या भागात घेत नाहीये.

दुसऱ्या वर्षी पुस्तकं कशी निवडली

या वेळी ठरवलं, फक्त चाळीस पुस्तकं. पण प्रत्येक पुस्तक घरातल्या कोणीतरी आधी पूर्ण वाचलेलं हवं. ही अट भावाने घातली आणि सगळ्यात जास्त पुस्तकं त्यानेच वाचली.

चांगली, स्वस्त मराठी बालपुस्तकं मिळत नाहीत असा एक समज आहे. मिळतात. नॅशनल बुक ट्रस्ट ही १९५७ साली सुरू झालेली सरकारी संस्था, तिच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली चित्रांची पुस्तकं मराठीतही आहेत. प्रथम बुक्स ही २००४ साली सुरू झालेली ना-नफा संस्था, तिचीही पातळ, रंगीत पुस्तकं मराठीत मिळतात. एका पिझ्झाच्या पैशात चार-पाच पुस्तकं येतात. शिवाय माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आम्ही घेतलं. घरातली माणसं हा विषय कुठल्याही मुलाला परका नसतो.

आता तुमच्या हातात फोन आहे, म्हणून दोन गोष्टी खास तुमच्यासाठी. प्रथम बुक्सनेच २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे मराठीसकट कितीतरी भाषांतल्या गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, आणि खुल्या परवान्यामुळे छापूनही देता येतात. गोष्टींचे चार स्तर आहेत. पहिला नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी, चौथा सराईतपणे वाचणाऱ्यांसाठी. दुसरी गोष्ट म्हणजे 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ सालच्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. आईला तिच्या लहानपणचे अंक सापडले आणि ती दोन दिवस फोन सोडायला तयार नव्हती. एरवी आम्हाला बोलते!

निवडताना आम्हाला एक गोष्ट शाळेतल्या बाईंनी सांगितली. तोडणीला येणाऱ्यांमध्ये बंजारा कुटुंबंही बरीच असतात, आणि त्यांची घरची बोली मराठीपेक्षा वेगळी असते. पाच वर्षांच्या मुलाला छापील मराठी इंग्रजीइतकीच लांबची वाटू शकते. म्हणून सहा-सात पुस्तकं आम्ही बिनशब्दांची घेतली. नुसती चित्रं, गोष्ट तुमच्या भाषेत तुम्ही सांगायची. सगळ्यात जास्त हाताळली गेली ती हीच.

वाचून दाखवायचं कसं

मला वाटायचं, वाचून दाखवणं म्हणजे आवाज बदलून अभिनय करायचा. मी तो केला आणि मुलं माझ्याकडे बघत बसली, पुस्तकाकडे कोणी बघेना. भाऊ मात्र खाली त्यांच्यात बसला, पुस्तक सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि विचारलं, "हा कोंबडा कुठे चाललाय रे?" झालं! पुढची पंधरा मिनिटं कोंबडा बाजारात गेला, जत्रेत गेला, एकाने तर त्याला ट्रॅक्टरवर बसवून कारखान्यावर नेला.

नंतर कळलं, भावाने जे सहज केलं त्यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रांचं पुस्तक वाचताना काही पालकांना सांगितलं होतं, की नुसतं वाचू नका. 'काय दिसतंय?', 'पुढे काय होईल?' असे मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घाला. एका महिन्यानंतर ही मुलं, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेलेली दिसली. म्हणजे गोष्ट ऐकताना मुलाला बोलायला मिळालं, की त्याची भाषा वाढते.

यासाठी ना पदवी लागते ना माईक. मूल बोलेपर्यंत गप्प बसता यायला हवं. मला ते सगळ्यात अवघड गेलं. पॉडकास्टवाली ना मी!

वेळेचंही शिकलो. संध्याकाळी फडावरून आलेल्या बायकांना पाणी भरायचं असतं, चूल पेटवायची असते. तेव्हा जाऊन 'आम्ही गोष्टी सांगायला आलोय' म्हणणं म्हणजे त्यांच्या कामात पाय. म्हणून आदल्या संध्याकाळी आई आणि आजी नुसत्या जाऊन मुकादमाला आणि मुलांच्या आयांना विचारून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर आम्ही लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकली. असे सलग सहा दिवस. रोज तासभर, जास्त नाही. आजीने चकल्यांचा डबा नेला होता, पण तिचा नियम होता, की आधी गोष्ट, मग सगळ्यांनी मिळून खायचं, आपणही त्यांच्यासोबत. "वाटल्यावानी द्यायचं न्हाई, पंगतीला बसल्यावानी खायचं," असं तिचं म्हणणं.

पेटीचं काय झालं

सुट्टी संपली, आम्ही निघालो. पुस्तकांचं काय करायचं? कोप्यांमध्ये उंदीर, चुलीचा धूर, अवकाळी पाऊस. बाबांनी तालुक्याहून पत्र्याची पेटी आणली. ती टोळीतल्या एका ताईंच्या कोपीत ठेवली. कुलूप नाही, वही नाही, दंड नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो. पेटी उघडली, तर चाळीसपैकी सव्वीस पुस्तकं. बाबांचा चेहरा पडला. आजी म्हणाली, "गेली न्हवं? मग वाचायलाच गेली असतील. इकायला कोण घेतंय गोष्टीचं पुस्तक?" चौकशी केली तर खरंच, काही शेजारच्या टोळीत गेली होती, दोन उशाखाली होती, एक चुलीत गेलं होतं (कबुली लगेच मिळाली). एका पुस्तकाच्या आतल्या पानावर एका मुलाने बॉलपेनने आपलं, आपल्या गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहिलं होतं. वर्षभरापूर्वी मला हे पुस्तक खराब केल्यासारखं वाटलं असतं. आता वाटलं, याने ते आपलं मानलं.

आणि ज्या ताईंकडे पेटी होती ना, त्यांनी हळूच विचारलं, "मोठ्या मान्सांसाठी काही नसतंय का?" चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती. रात्री मोबाईलच्या उजेडात त्या पेटीतली पुस्तकं पोरांना वाचून दाखवत होत्या. अडखळत, अक्षर अक्षर जुळवत. आम्ही सहा दिवस वाचलं. त्यांनी दोन महिने. मुलांसाठीची पुस्तकं नेताना आईच्या हाताचा विचार आम्ही केलाच नव्हता. त्या वेळेपासून पेटीत मोठ्या टाइपातली चार-पाच पुस्तकं मोठ्यांसाठीही असतात.

पुस्तक शाळेची जागा घेत नाही

हे सांगितल्याशिवाय भाग संपवता येणार नाही. चाळीस पुस्तकांनी कोणाची बुडालेली शाळा भरून निघत नाही. पहिल्या वर्षी भेटलेली ती मुलगी आम्हाला पुन्हा दिसली नाही. टोळ्या दरवर्षी बदलतात. ती शिकते आहे, की आता तिच्याच हातात कोयता आहे, मला माहीत नाही. तिच्यासाठी नीट निवडलेलं पुस्तक द्यायची संधी आमच्याकडे एकदाच होती, आणि ती आम्ही घाईत घालवली.

म्हणून गेल्या वर्षी अजून एक काम केलं. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना जाऊन भेटलो. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो, की सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. वर्ष सुरू झालं असलं तरी दार बंद नसतं. हे गुरुजींना माहीत होतंच. पण कोप्यांवरच्या आईबापांना माहीत नव्हतं, आणि पहाटे जाऊन अंधारात परतणाऱ्या माणसाने शाळेत कधी जायचं? मधे एक निरोप्या हवा होता. ते काम बाबांनी आणि आजीने केलं. आठ मुलं दाखल झाली.

आठातली तीन पंधरा दिवसांत यायची थांबली. कारण तेच, कडेवरचं भावंड. मग गुरुजी अंगणवाडीताईंशी बोलले, धाकट्यांना तिथे बसवायचं ठरलं, आणि तिघांपैकी दोघी परत आल्या. एक नाही आली. आकडा छोटा आहे, पण आहे तसा सांगितला.

तुम्हाला करायचं असेल तर

थोडक्यात सांगते. स्क्रीनशॉट काढून ठेवा हवा तर.

एक, पुस्तकं गोळा करण्याआधी मुलांना भेटा. वयं काय, घरी कोणती भाषा बोलतात, एवढं तरी विचारा.

दोन, जे पुस्तक तुम्ही स्वतःच्या भाचीला वाढदिवसाला देणार नाही, ते दुसऱ्या कोणालाही देऊ नका. गाइडं आणि फाटकी पुस्तकं सरळ रद्दीत घाला आणि रद्दीच्या पैशातून दोन नवी पुस्तकं घ्या.

तीन, पुस्तकासोबत वेळ द्या. दहा पुस्तकं आणि सहा दिवस हे शंभर पुस्तकं आणि अर्ध्या तासापेक्षा कितीतरी चांगलं.

चार, एकदा जाऊन थांबू नका. दिवाळीत गेलात तर नाताळात पुन्हा जा. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस, गोष्टी सांगायला याहून चांगलं निमित्त कुठलं?

पाच, फोन खिशात ठेवा. गोष्ट शोधायला काढा, चेहरे टिपायला नको.

आणि यासाठी फडावरच जायला हवं असं नाही. तुमच्या शहरात बांधकामाच्या साइटवर मुलं आहेत, वीटभट्टीवर आहेत, कदाचित तुमच्या इमारतीच्या वॉचमनकाकांच्या खोलीतही आहेत. दिवाळीत त्यांना आपण फराळाचं ताट देतोच. त्या ताटासोबत खाली बसून एक गोष्ट वाचली तर?

या वर्षीची पेटी भरून तयार आहे. भावाने तळाशी एक पुस्तक ठेवलंय, मोटारगाड्यांचं. मराठीत, मोठ्या चित्रांचं, तिसऱ्या स्तराचं. ती मुलगी भेटेल याची खात्री नाही. पण दुसऱ्या कोणी विचारलं, 'ह्यात काय लिव्हलंय', तर या वेळी मी खाली बसून वाचून दाखवणार आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत घरातल्या त्या धूळ खाणाऱ्या कपाटाकडे एकदा बघाच. आजी, बाय म्हण गं सगळ्यांना!

"बाय न्हाई, या म्हणावं. चकल्या हायत अजून."